गुपित कोणापासून?

‘राष्ट्रहिताच्या दृष्टीने ही माहिती उघड करता येत नाही.’ हे वाक्य जगातील बहुतेक सरकारांना तोंडपाठ असते. ते ऐकले की आपणही गप्प बसतो. मला मात्र अशा वेळी एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : हे गुपित नेमके कोणापासून राखायचे आहे?

व्हिएतनाम युद्धाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. मार्च १९६९ पासून चौदा महिने अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बवर्षाव केला. नोंदी मात्र दक्षिण व्हिएतनाममधील हल्ल्यांच्या केल्या गेल्या. कंबोडियातील शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हते काय? बॉम्ब तर त्याच्याच शेतात पडत होते! रानात दडलेल्या शत्रूलाही ते ठाऊक होते. अंधारात ठेवली गेली ती युद्धासाठी कर भरणारी आणि पोटची मुले पाठवणारी अमेरिकन जनता.

डॅनियल एल्सबर्ग यांचे मोल इथे कळते. संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी १९६७ मध्ये या युद्धाचा गुप्त इतिहास लिहवून घेण्यास सुरुवात केली. त्याचे ४७ खंड झाले, पाने सुमारे ७०००. एल्सबर्ग त्याच्या लेखकांपैकी एक. ते स्वतः मरीन दलात अधिकारी होते, व्हिएतनाममध्ये राहून आले होते. जाहीर सभांतून विजयाची ग्वाही देणारे राज्यकर्ते खाजगीत किती साशंक होते, हे त्या पानांत त्यांनी वाचले. १९६९ मध्ये रात्री जागून त्यांनी त्यांच्या प्रती काढल्या. १३ जून १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या छापायला घेतल्या. सरकार न्यायालयात धावले; पण ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. एल्सबर्ग यांच्यावर मात्र ११५ वर्षांची शिक्षा होऊ शकेल असा खटला भरला गेला. सरकारच्याच माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय फोडल्याचे उघड झाले, आणि १९७३ मध्ये तो खटला रद्द झाला. चोर कोण आणि साव कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, ‘प्रत्येक कारकून फायली वाटत सुटला तर राज्य चालायचे कसे?’ शंका रास्त आहे. पण एल्सबर्ग यांनी वाटाघाटींविषयीचे चार खंड वृत्तपत्रांना दिलेच नव्हते. शांततेच्या बोलण्यांत विघ्न येऊ नये, म्हणून. तह घडवणारे गुपित त्यांनी जपले, थाप झाकणारे फोडले. हा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्याला देशद्रोही कसे म्हणावे?

त्या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी मृतांची मोजदाद तर लाखांत करावी लागते. आपल्याकडेही १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे आणि २००५ चा माहितीचा अधिकारही आहे. मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी सरकारी कचेरीत बसेल, कोणी वृत्तपत्रात. ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेली फाईल समोर आली, तर ती शत्रूपासून लपवली आहे की आपल्याच माणसांपासून, एवढे तरी आपण विचारू या.