कोलंबो ते मलकापूर : मधल्या पायऱ्या

११ मे २०२५ रोजी कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर भारतीय महिला संघाने श्रीलंकेचा ९७ धावांनी पराभव करून तिरंगी एकदिवसीय मालिका जिंकली. त्या विजयाचा जयघोष देशात फारसा झाला नाही आणि तो होणे शक्यही नव्हते. पहलगामच्या रक्तपाताने देश संतप्त होता. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले होते, आयपीएलचे सामने स्थगित झाले होते आणि लष्करी कारवाई थांबवण्याच्या घोषणेला जेमतेम एक दिवस उलटला होता. साऱ्यांचे लक्ष सीमेवर होते आणि ते तेथेच असणे उचित होते. मात्र त्या धामधुमीत नजरेआड झालेली ती मालिका पुन्हा एकवार शांतपणे अभ्यासण्याजोगी आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक उंचावला, तो क्षण सर्वांनी पाहिला. त्या शिखराकडे नेणारी एक पायरी कोलंबोत घडली, हे मात्र थोड्यांनीच पाहिले.

कोलंबोतील अंतिम सामन्यात ११६ धावांची खेळी करणारी स्मृती मानधना ही सांगलीजवळच्या माधवनगरची. तिच्या त्या अकराव्या एकदिवसीय शतकामुळे भारताने ७ बाद ३४२ अशी भक्कम धावसंख्या उभारली. त्याआधी ७ मे रोजी जेमिमा रॉड्रिग्ज हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२३ धावा केल्या होत्या. फिरकी गोलंदाज स्नेह राणा हिने पाच सामन्यांत १५ बळी मिळवून मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. परंतु या मालिकेचे खरे मोल विजयाइतकेच एका पराभवातही होते. ४ मे रोजी श्रीलंकेने भारताला तीन गडी राखून हरवले होते. सात दिवसांनी, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध भारतीय संघ अंतिम सामना खेळण्यास उतरला, तेव्हा झालेली चूक सुधारण्याची संधी त्याच्या हाती होती.

तिरंगी मालिकेचे मर्म नेमके येथे आहे. दोन संघांच्या मालिकेत एकाच प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास होतो. विश्वचषकासारख्या महास्पर्धेत अभ्यासाला उसंतच नसते. तिरंगी मालिकेत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ पडते आणि मधल्या दिवशी उरलेल्या दोघांची झुंज बाहेर बसून पाहता येते. तेथे पराभव होतो, पण पराभूत संघाला लगेच घरी पाठवले जात नाही. पुढे काय घडले, ते सर्वज्ञात आहे. विश्वचषकात भारताचा सलामीचा सामना श्रीलंकेशी झाला आणि अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी. साखळीत दक्षिण आफ्रिकेकडून पत्करावा लागलेला पराभव भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात ५२ धावांनी धुऊन काढला. हरल्यानंतर त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा ताठ मानेने उभे राहण्याची सवय एका दिवसात जडत नाही. ती जडवणारी शाळा लागते आणि कोलंबोतील मालिका अशीच एक शाळा होती.

पुरुषांच्या क्रिकेटमध्ये एके काळी ही शाळा वर्षभर भरलेली असे. १८ जानेवारी १९९८ रोजी ढाक्याला झालेल्या भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या तिरंगी स्पर्धेचा निर्णायक सामना मराठी रसिक विसरलेले नाहीत. ४८ षटकांत ३१५ धावांचे लक्ष्य, मावळता प्रकाश आणि दोन चेंडूंत तीन धावांची गरज. अशा वेळी पुण्याच्या हृषीकेश कानिटकर याने सकलेन मुश्ताकला चौकार लगावून सामना जिंकून दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ दोन शतके ठोकली. १३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सवर ३२६ धावांचा पाठलाग करताना निम्मा संघ १४६ धावांत तंबूत परतलेला असताना युवराज सिंग आणि महंमद कैफ यांनी अशक्यप्राय विजय खेचून आणला. मार्च २००८ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरच तिरंगी मालिकेचे दोन्ही अंतिम सामने जिंकले. या चारही स्पर्धा तिरंगी होत्या.

पुढे मात्र हा प्रकार मागे पडला. त्याला पैशाच्या हव्यासापोटी झालेले स्पर्धांचे अजीर्ण जसे कारणीभूत होते, तसाच वीस षटकांच्या लीगचा झंझावातही. दिनदर्शिकेत जागा उरली नाही आणि तिरंगी मालिका अधूनमधूनच होऊ लागल्या. त्यामुळे करमणुकीचे फारसे नुकसान झाले नसेल. जडणघडणीचे झाले. कानिटकरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द दीर्घ ठरली नाही, पण २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तोच मुख्य प्रशिक्षक होता. ज्या पायरीवर माणूस स्वतः घडला, ती पायरी तो पुढच्या पिढीसाठी बांधू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महिला क्रिकेटचा भारतातील प्रारंभच मुळी तीन संघांनी झाला, ही गोष्ट या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तिच्यात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. तीन संघांची कसली राष्ट्रीय स्पर्धा, असा उपहास त्या वेळी सहज करता आला असता. परंतु त्यानंतरच्या स्पर्धेत ८ संघ उतरले, तिसऱ्या स्पर्धेत १४ झाले आणि १९७६ मध्ये भारतीय महिला आपला पहिला कसोटी सामना खेळल्या. त्या संघात पुण्याची शुभांगी कुलकर्णी होती. भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या आरंभीच्या वाटचालीत तिचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या प्रेमलाबाई चव्हाण या कराडच्या खासदार होत्या. राजकीय मतभेद कितीही असोत, ज्या काळात मुलीने बॅट हाती घेणे हाच थट्टेचा विषय होता, त्या काळात कराडच्या एका स्त्रीने या खेळाच्या पाठीशी आपली प्रतिष्ठा उभी केली, या ऋणाची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे.

कराडला अगदी खेटून, पुणे-बंगळुरू महामार्गावर मलकापूर वसले आहे. एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला सांगली आणि पुढे कोल्हापूर, अशा तीन जिल्ह्यांच्या वाटा जवळ येतात, असा हा परिसर. मलकापूरचे नाव क्रिकेटसाठी प्रसिद्ध नाही. ते देशभर गाजले, ते चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेमुळे. त्या योजनेमागचे तत्त्व साधे होते. टाकी भरलेली असणे म्हणजे पाणीपुरवठा नव्हे. वाहिनीतून गळती होता कामा नये, प्रत्येक जोडणीला मीटर हवा आणि गावाच्या टोकाला असलेल्या शेवटच्या नळालाही पुरेसा दाब मिळाला पाहिजे. मोठ्या शहरांना जे जमले नाही, ते या लहान गावाने करून दाखवले आणि दूरदूरच्या नगरांतील माणसे ते पाहावयास आली.

आज महिला क्रिकेटची टाकी भरलेली आहे. २००६-०७ मध्ये महिलांचे क्रिकेट भारतीय नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंना समान सामना-मानधन जाहीर केले. कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि वीस षटकांच्या सामन्यासाठी ३ लाख रुपये. मार्च २०२३ पासून महिलांची स्वतंत्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक, म्हणजे ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, ती सांगलीच्या स्मृतीवर. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शेवटच्या नळाला दाब किती आहे, याचा शोध कोणी घ्यावयाचा?

शेवटचा नळ म्हणजे मलकापूर, उंब्रज, इस्लामपूर किंवा विट्याच्या शाळेत सातवी-आठवीत शिकणारी, विश्वचषकाचा अंतिम सामना घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिलेली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दप्तराबरोबर बॅट न्यावी असे वाटलेली मुलगी. तिच्यापुढचे प्रश्न मानधनाचे नाहीत, अगदी साधे आहेत. सरावाला मैदान कोठे? मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली आहे काय? सायंकाळी घरी परतताना सोबत कोण? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सराव करून खेळावयाचे कोणाशी? स्मृती मानधना वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. तिच्या गुणांना तोड नाही, पण तिच्या घरात खेळ होता, भाऊ खेळत होता, वडिलांना खेळाची जाण होती. ज्या घरात यांपैकी काहीच नाही, तेथील गुणवत्तेला हात देण्याचे दायित्व समाजाचे आहे.

येथे तिरंगी मालिकेचे गणित उपयोगी पडते. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर एकूण सात सामने होतात आणि त्यांतील चार संघ केवळ एक सामना खेळून घरी जातात. सकाळी पहिल्याच चेंडूवर बाद झालेल्या मुलीची वर्षभराची मेहनत तेथेच संपते. तीन संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले आणि नंतर अंतिम सामना झाला, तरीही एकूण सामने सातच होतात. मात्र येथे प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळतात. खर्च जवळपास तोच, मैदानाचे दिवस तेवढेच, पण मुलीच्या वाट्याला येणाऱ्या संधीत चौपट अंतर. गावोगावच्या चषक स्पर्धांत झगमगीत बक्षिसांवर आणि कमानींवर होणारा व्यय पाहता, हा हिशेब आयोजकांनी एकदा अवश्य मांडावा.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांच्या पंधरा वर्षांखालील मुलींची अशी एक वार्षिक तिरंगी मालिका कराड-मलकापूर परिसरात का भरू नये? तिन्ही ठिकाणांहून सकाळी एस.टी.ने निघून संध्याकाळी परतता येते. त्यामुळे मुक्कामाचा खर्च आणि पालकांची चिंता, दोन्ही टळतात. कराडला शिवाजी स्टेडियम आहे, परिसरात महाविद्यालयांची मैदाने आहेत. लागतील ते चामडी चेंडू, मॅट, पंच, गुणलेखक, प्रथमोपचाराची सोय आणि प्रत्येक संघाबरोबर एक जबाबदार महिला व्यवस्थापक. परीक्षेचे दिवस टाळून शनिवार-रविवारी सामने घेता येतील. कोल्हापूरच्या अनुजा पाटील हिने २०१२ पासून भारताचे प्रतिनिधित्व केले. अशा खेळाडू एखाद्या दिवसासाठी जरी मैदानावर आल्या, तरी मुलींना पोस्टरवरील चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काही मिळेल.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. हा मुलूख कुस्तीचा, कबड्डीचा, खो-खोचा. येथे क्रिकेटचे स्तोम कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे आणि देशी खेळांची उपेक्षा करून क्रिकेट वाढवावे, असे कोणी सुचवणार नाही. किंबहुना मुलींसाठी मैदान, स्वच्छतागृह आणि सुरक्षित सोबत या सोयी एकदा उभ्या राहिल्या की त्यांचा लाभ कबड्डीच्या आणि खो-खोच्या मुलींनाही तेवढाच होईल. शिवाय याच भूमीने एक मोठा धडा घालून दिला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. शासनाच्या तिजोरीकडे डोळे लावून न बसता समाजाने आपला मल्ल जगाच्या आखाड्यात उतरवला. आज कोणाला घर गहाण टाकावे लागणार नाही. वर्षातून सात दिवस मैदान, थोडी वर्गणी आणि मुलीच्या पाठीवर हात, एवढीच अपेक्षा आहे.

शिखराची छायाचित्रे छापली जातात, पायऱ्यांची छापली जात नाहीत. पण पायरी निखळली तर पुढच्या पिढीला शिखर केवळ खालूनच पाहावे लागते. १९७३ साली पुण्यात तीन संघ जमले नसते, तर २०२५ चे कोलंबो आणि नवी मुंबई घडले असते काय? तीन ही संख्या लहान आहे, म्हणून तिची उपेक्षा करू नये. ज्या गावाने शेवटच्या नळापर्यंत पाणी पोहोचवले, त्याच्या पंचक्रोशीने शेवटच्या घरातील मुलीपर्यंत खेळ पोहोचवण्याचा संकल्प करावा. त्यासाठी विश्वविजेतेपदाची पुढची बातमी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामात तीन संघ उभे राहिले, तरी आरंभ पुरेसा आहे.