कार्यानुभवाचा तास कोणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून छंदवर्गांचे फलक झळकू लागतात. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मातीकाम, सुतारकाम, विजेच्या मंडलांची जुळणी, दुर्बीण बनविणे आणि अलीकडे रोबोट. शुल्क हजारांत असते. या वर्गांची टवाळी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. अकरा ते चौदा या वयात मूल स्वतःच्या हाताने काही करते, मोडते आणि पुन्हा जोडते, तेव्हा ते जे शिकते ते फळ्यावरून शिकता येत नाही. ही गोष्ट वर्ग चालविणाऱ्यांना कळली आहे आणि फी भरणाऱ्या पालकांनाही. प्रश्न निराळाच आहे. जे या वयाच्या प्रत्येक मुलाला हवे, ते फी भरू शकणाऱ्यांच्याच मुलांना का मिळावे?

याला ठरलेले उत्तर असे, की जिल्हा परिषदेच्या शाळेला हे परवडणार नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून ‘परवडत नाही’ या शब्दांकडे मी नेहमीच संशयाने पाहत आलो. येथे तर ते उत्तर चूक असल्याचा पुरावाच उपलब्ध आहे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आज त्याला नर्मदापुरम म्हणतात) १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांतून, विज्ञान प्रयोगांतून शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती ही संस्था आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यांच्या मदतीस गेले. १९७८ मध्ये शासनाने तो सबंध जिल्ह्यातील अशा शाळांना लागू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. खासगी शाळांच्या निवडक मुलांसाठी हा प्रयोग नव्हता. शाळा साध्या, सरकारी, खेड्यांतल्या. शिक्षकही तेच, शासनाच्या नोकरीतले.

वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या बसत. पाने गोळा करून त्यांचे गट पाडणे, बी रुजताना रोज पाहून नोंद ठेवणे, निरनिराळी मोजमापे घेऊन ती एकमेकांशी का जुळत नाहीत यावर वाद घालणे, असे ते शिक्षण होते. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न असत, उत्तरे नसत. उत्तर मुलांनी करून पाहून वहीत लिहावयाचे. पडलेला कोणताही प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला पत्राने विचारण्याची सोय होती, आणि त्याच्याकडून उत्तर येई.

साहित्याचा खर्च फारसा नव्हता. टेल्को सोडून खेळणी करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन किशोर भारतीत गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या करण्याची त्यांची युक्ती तेथलीच. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले. महाग असतो तो शिक्षकाचा वेळ आणि त्याची तयारी. होशंगाबादेत उन्हाळ्यात शिक्षकांची दीर्घ प्रशिक्षणे होत, महिन्याला बैठक भरे, कोणी तरी शाळेत जाऊन अडचणी पाही, आणि फुटलेले-संपलेले साहित्य दरवर्षी भरून मिळे. या खर्चात नफा नसतो, म्हणून बाजार तो सर्वांसाठी कधी करीत नाही. तो शासनानेच करावयाचा असतो, आणि तीस वर्षे तेथे तो झाला.

माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट परीक्षेची. तेथे वार्षिक परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचेही गुण होते. पाठांतराला जेथे गुण नाहीत तेथे पाठांतर आपोआप ओसरते. आपल्याकडे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर कार्यानुभव वेळापत्रकात आला खरा. पण परीक्षेने त्याला मोजले नाही म्हणून शिक्षकाने मोजले नाही, आणि तो तास गणिताने किंवा इंग्रजीने गिळला. काही शाळांत वर्ग झाडून घेण्यालाच कार्यानुभव म्हणून नोंदलेले मी पाहिले आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. ती परतली तशीच जुनी राहिली, तर हाताने शिकण्याची उरलीसुरली जागाही ती खाईल.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. तेव्हा मध्य प्रदेशात काँग्रेसचे दिग्विजय सिंह मुख्यमंत्री होते. समाजवादाची भाषा बोलणाऱ्यांना हे ध्यानात ठेवणे बरे. तोवर तो सुमारे एक हजार शाळांत पोचला होता. आमचीच मुले वेगळे पुस्तक का शिकतात, पुढच्या परीक्षांत ती मागे पडतील, हा आक्षेप होता. पालकांची ती भीती खोटी नव्हती. जी परीक्षा पुढचे दार उघडते ती पाठांतराची, आणि या मुलांना सवय लावली विचार करण्याची. बदलावयास हवी होती पुढची परीक्षा. बंद पडला तो कार्यक्रम.

डावीकडूनही एक आक्षेप येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. हाताचे काम शिकवा म्हणजे गरिबाच्या पोराला पुन्हा करवतीला जुंपा, असे हे नाही काय? १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची योजना पुढे आली, तेव्हा मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता. तो योग्यच होता असे मी मानतो. शाळा हा कारखाना नव्हे. परंतु मोजणे, जोडणे, उघडून पाहणे हे धंदेशिक्षण नव्हे; तो विचार करण्याचाच एक मार्ग आहे. आमच्या समाजात हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे राहिले, म्हणून तर तो सर्व मुलांना एकत्र शिकविला पाहिजे. मी महाविद्यालयात शिकविले ती मुले मागणीची वक्ररेषा सुबक काढीत. पण आपल्या गावच्या बाजारात कांद्याचा भाव कसा ठरतो असे विचारले की पुस्तक चाळीत. पोसणारा बाप शेतकरी, आणि तरी ही गत!

म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील ‘दप्तराविना दहा दिवस’ मला पुरेसे वाटत नाहीत. सहावी ते आठवी या काळात कधी तरी दहा दिवस मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम पाहावे, करावे, अशी ती तरतूद आहे. कल्पना वाईट नाही. पण तीन वर्षांत दहा दिवस! श्रीमंताच्या मुलाला वर्षभर रोबोट आणि इतरांना दहा दिवस चाक पाहण्याची सहल, अशी वाटणी त्यातून होणार असेल, तर ती आपण मुकाट्याने स्वीकारू नये. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्याचा एक दिवसच हाताच्या कामाला दिला. आठवड्याचा एक दिवस, हे प्रमाण मला रास्त वाटते.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरांहून अधिक मुले आहेत तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे स्पष्ट लिहिले आहे. ती पदे पूर्ण वेतनाने भरा, एवढी मागणी आज करता येते. त्याच कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजण अशा समित्यांवर आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत, कार्यानुभवाचा तास कोण घेतो आणि प्रयोगाचे साहित्य कोठे आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. साहित्य बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात, डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेले आणि कुलूपबंद सापडेल. फुटले तर भरून कोण देणार, या धाकाने. तेव्हा फुटलेल्या परीक्षानळीची किंमत शिक्षकाकडून वसूल होणार नाही, असा ठराव समितीने लेखी करून त्याच बैठकीत मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा.