निवडणाऱ्याचे आसन

चंद्रकांत गुलाबराव बोर्डे हे नाव घेतले की जुन्या क्रिकेटप्रेमी वाचकांस १९६४ सालचा दसरा आठवावा. ब्रेबॉर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने दोन गडी राखून जी कसोटी जिंकली, तींत अखेरपर्यंत नाबाद उभे राहिले ते बोर्डेच. पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरातले हे गृहस्थ प्रथम बडोद्याकडून रणजी सामने खेळले आणि पुढे महाराष्ट्राचे आधारस्तंभ झाले. ५५ कसोट्या, ३०६१ धावा, ५२ बळी आणि १९६७ साली अ‍ॅडलेड येथे एका सामन्यापुरते कर्णधारपद, असा हा हिशेब आहे. तो सर्वत्र छापून आलेला आहे, म्हणून येथे अधिक विस्तार नको.

आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या डावाविषयी. खेळाडूच्या फटक्यास टाळी पडते. निवड समितीच्या अध्यक्षास टाळी कोण देणार? अकरा जण निवडले की बारावा रुसतो, आणि त्याचे गाव त्याच्यापेक्षा अधिक रुसते.

१९८४ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धची दिल्लीची कसोटी भारताने गमावली. सामना वाचविण्याची वेळ असता कपिल देव आणि संदीप पाटील उतावीळ फटके मारून बाद झाले. बोर्डे तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते. कलकत्त्याच्या पुढील कसोटीसाठी संघ जाहीर झाला त्यात दोघांचीही नावे नव्हती! अवघ्या दीड वर्षापूर्वी लॉर्ड्‌सवर विश्वचषक उचलणारा कपिल घरी बसला. कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी आपला राग काढला तो कर्णधार गावसकरांवर. फळेसुद्धा फेकली म्हणे. कपिल देव आपल्या कारकीर्दीत १३१ कसोट्या खेळले. पदार्पणापासून निवृत्तीपर्यंत त्यांची चुकली ती हीच एक.

हा निर्णय योग्य होता काय? शिस्तीचा धडा म्हणून त्याचे समर्थन करणारे तेव्हाही होते. परंतु आमच्या मते एका फटक्यासाठी संघाच्या पहिल्या गोलंदाजास वगळणे हे औषधापेक्षा रोग बरा म्हणण्याजोगेच झाले. कलकत्त्याची कसोटी अनिर्णित राहिली, मद्रासला कपिल परत आले तरी भारत हरला, आणि मालिकाही गेली. मात्र त्याच कलकत्त्यास हैदराबादचा एक सडपातळ तरुण प्रथमच कसोटीत उतरला, आणि त्याने ११० धावा काढल्या. पुढे मद्रास व कानपूर येथेही शतके झळकावून महंमद अझरुद्दीनने पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतके केली. एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने असे दिले गेले. निवडणाऱ्याच्या कामात हे दोन्ही हात एकाच माणसाचे असतात. १९८५ सालीच कर्णधारपद पुन्हा कपिलकडे आले.

१९८९ साली पाकिस्तानच्या दौऱ्यावर बोर्डे व्यवस्थापक म्हणून गेले. सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर कराचीस प्रथम कसोटी खेळला तो याच दौऱ्यात. पुढे १९९९ पासून ते पुन्हा निवड समितीचे अध्यक्ष झाले. २००० साली तेंडुलकरने कर्णधारपद सोडल्यावर ते सौरव गांगुलीकडे गेले, ते याच काळात.

आणि मग २००७. परदेशी प्रशिक्षक ग्रेग चॅपल गेले होते, दुसरे ग्रॅहॅम फोर्ड यांनी आलेले पद नाकारले, आणि इंग्लंडचा दौरा तोंडावर आला. मंडळाने बोर्डे यांस हाक मारली. लॉर्ड्‌सची कसोटी चालू असतानाच त्यांस ७३ वे वर्ष पूर्ण झाले! नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर या वयात तंबूत वावरणे सोपे नव्हे. लॉर्ड्‌सवर नऊ गडी गेले असता पावसाने व अंधाराने भारतास वाचविले. नॉटिंगहॅमला सात गड्यांनी विजय मिळाला, ओव्हलवर सामना अनिर्णित राहिला, आणि १९८६ नंतर प्रथमच भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. कर्णधार द्रविड होते आणि श्रेय प्रामुख्याने त्यांचे व झहीर खानचे, हे उघड आहे. एकदिवसीय मालिका मात्र ३-४ अशी गेली. सप्टेंबरात वीस षटकांच्या विश्वचषकासाठी संघ दक्षिण आफ्रिकेस निघाला तेव्हा त्या जागी लालचंद रजपूत होते. बोर्डे यांचे काम संपले होते.