अभयदान आणि त्याचे मोल

सर्व दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ, हा संस्कार जैन घरातील मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. त्यामुळे परक्या भूमीवर निरपराध माणसे सशस्त्र अतिरेक्यांच्या हाती सापडली असता त्यांच्या सुटकेसाठी शासनाने अतिरेक्यांशी बोलणी करावीत की नाही, हा प्रश्न श्रावकाला पडण्याचे कारणच काय, असे प्रथमदर्शनी वाटते. जीव वाचवावा, हेच उत्तर. परंतु ज्याने हिशेबाची वही हाताळली आहे त्याला हेही ठाऊक असते की, नावेची बाजू तपासल्याखेरीज जमेची रक्कम खरी मानता येत नाही.

भारताने हा हिशेब फार जवळून पाहिला आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पाच सशस्त्र इसमांनी पळवले. अमृतसर, लाहोर व दुबई असे थांबे घेत ते तालिबानच्या ताब्यातील कंदाहारला पोहोचले. वाटेतच एका तरुण प्रवाशाची हत्या झाली होती. आरंभीची मागणी ३६ कैद्यांची सुटका, २० कोटी डॉलर आणि भारतात पुरलेल्या एका दहशतवाद्याचे शव अशी होती. भारतीय अधिकाऱ्यांनी कंदाहारला जाऊन बोलणी केली, मागण्या उतरत गेल्या आणि अखेरीस तीन कैदी सोडण्यावर तडजोड झाली. ३१ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह त्याच दिवशी कंदाहारला गेले आणि दीडशेहून अधिक माणसे आपल्या घरी परतली.

ही जमेची बाजू झाली. सोडलेल्या तिघांपैकी मसूद अझहर याने २००० मध्ये जैश-ए-मोहम्मद ही संघटना उभी केली. डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यासाठी भारताने लष्कर-ए-तोयबाबरोबर याच संघटनेला जबाबदार धरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे ४० जवानांचे प्राण घेणाऱ्या हल्ल्याची जबाबदारी तर तिने स्वतःच घेतली. कंदाहारच्या प्रवाशांचे आप्त दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर आक्रोश करीत होते आणि त्यांचा टाहो साऱ्या देशाने ऐकला. पुढे जे मरणार होते त्यांचे आप्त मात्र त्या दिवशी कोठेही उभे नव्हते, कारण आपल्यावर काय ओढवणार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. या प्रश्नातील खरी अडचण हीच आहे. एका पारड्यातील जीवांना चेहरा असतो आणि दुसऱ्या पारड्यातील जीवांना तो नसतो.

ही अडचण जैन समाजाला नवी नाही. जीवदयेपोटी कसायाकडून जनावरे विकत घेऊन पांजरपोळात पाठवण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिच्याविषयीची शंकाही तितकीच जुनी आहे. शेठ पैसे घेऊन येणार हे एकदा कळले की विकणारा भाव वाढवतो व पुढच्या खेपेस अधिक जनावरे आणतो. सोडवलेला जीव निश्चित वाचतो, परंतु त्याच्या मोलातून दुसरे जीव बाजारात येतात. म्हणून डोळ्यांसमोरचा जीव सोडून द्यावा, असे कोणीही साधुसंत सांगत नाही. करुणेला विवेकाची जोड असावी, एवढेच ते सांगतात.

मग बोलणीच करू नयेत काय? २०१४ मध्ये सीरियात इस्लामिक स्टेटच्या कैदेत अनेक देशांचे पत्रकार व मदतकार्य करणारे लोक एकत्र होते. त्यांतील फ्रेंच व स्पॅनिश ओलीस सुटून घरी गेले, तर खंडणी न देण्याचे धोरण असलेल्या अमेरिका व ब्रिटनच्या नागरिकांपैकी अनेकांची निर्घृण हत्या झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने, खंडणी वा राजकीय सवलती यांचा लाभ दहशतवाद्यांना मिळू देऊ नये, असे आवाहन सर्व राष्ट्रांना केले होते. नियम योग्य होता, पण त्याचे मोल मोजावे लागले ते ठरावावर मत देणाऱ्यांना नव्हे. अमेरिकेतील ओलिसांच्या कुटुंबांनी तर, खंडणी गोळा कराल तर खटला होईल अशी भीती आपल्याला घालण्यात आली, अशी तक्रार केली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेने आपले धोरण स्पष्ट केले. सवलत देणार नाही, याचा अर्थ संपर्कच ठेवणार नाही असा नव्हे, आणि कुटुंबांना खटल्याचा धाक दाखवला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते.

बोलणे वेगळे आणि देणे वेगळे, हा भेद येथे कळीचा आहे. व्यापाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाइकाशी तासभर बोलूनही सौदा न करता उठता येते, आणि त्या तासाभरात समोरच्याची गरज, घाई व मर्यादा कळून येतात. बोलण्यामुळे ओलिसांचा एकेक दिवस वाढतो. आजाऱ्यांना औषध पोहोचते, स्त्रिया व मुले सुटू शकतात, कोण कोठे आहे हे समजते. दुबईत पंचवीसहून अधिक प्रवासी उतरवले गेले ते अशाच रदबदलीमुळे. भारताच्या २००५ मधील विमान-अपहरणविरोधी धोरणाचा रोखही हाच आहे. संवाद ठेवावा तो जीव वाचवण्यासाठी व प्रसंग संपवण्यासाठी. मागण्या मान्य करण्यासाठी नव्हे.

कालकाचार्यांच्या कथेतील क्रमही असाच आहे. उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल याने साध्वी सरस्वतीला बळाने अंतःपुरात डांबले, तेव्हा आचार्यांनी प्रथम राजाला समजावले, संघानेही विनवले. शब्द वाया गेल्यावरच त्यांनी शकांचे बळ आणून साध्वीला सोडवले, आणि त्यानंतर प्रायश्चित्त घेतले. आधी संवाद, मग बळ, आणि बळ वापरावे लागल्याची खंत. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे; आक्रमकापासून आश्रिताचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा त्याच्या व्रताने सर्वस्वी निषिद्ध केलेली नाही. म्हणून ओलिसांच्या सुटकेसाठी शासनाने सैन्यबळ सिद्ध ठेवणे हे अहिंसेशी विसंगत ठरत नाही.

देण्यातील धोका मुंबईशी संबंध असलेल्या एका प्रकरणात उघड झाला. सोमालियाचे चाचे हे राजकीय अतिरेकी नव्हेत, पण ओलिसांचा व्यवहार त्यांचाही तोच. मुंबईतील कंपनीच्या व्यवस्थापनाखालील ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये पळवले. त्यावरील पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज व आठ खलाशी सोडले आणि सात जणांना रोखून धरले. भारतीय नौदलाने पकडलेल्या शंभराहून अधिक चाच्यांना सोडा, ही नवी मागणी पुढे आली. त्या सात घरांनी ऑक्टोबर २०१४ पर्यंत वाट पाहिली. सौदा पत असलेल्या दोघांमध्ये होतो. ज्याला पतच नाही त्याला दिलेली रक्कम हा केवळ पहिला हप्ता ठरतो.

तरीही सारा दोष देणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. कंदाहारला पोहोचण्यापूर्वी ते विमान अमृतसरच्या धावपट्टीवर सुमारे पाऊण तास उभे होते. भूमी आपली, पोलीस आपले, आणि विमानात इंधन अत्यल्प. ते तेथेच रोखण्याचा निर्णय वेळेत झाला नाही आणि विमान उडाले. जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितले आहे. सात दिवसांनंतर कंदाहारमध्ये जे द्यावे लागले, त्यातील मोठा भाग त्या पाऊण तासाच्या प्रमादाचे व्याज होते. ज्या शासनाची तयारी नसते त्याच्यापुढे अखेरीस दोनच मार्ग उरतात, आणि दोन्ही रक्ताने माखलेले असतात.

हा सावधपणा केवळ दिल्लीनेच बाळगायचा नाही. मे २०१८ मध्ये अफगाणिस्तानातील बघलान प्रांतात मुंबईच्या एका कंपनीच्या वीजप्रकल्पावरील सात भारतीय पळवले गेले. ते टप्प्याटप्प्याने सुटले आणि त्यात दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आज जैन पेढ्यांची माणसे आफ्रिकेत, आखातात, मध्य आशियात जातात. मुनीम किंवा तंत्रज्ञ परदेशी पाठवताना भारतीय दूतावासात त्याची नोंद करणे, तेथील धोक्याची माहिती त्याच्यापासून न लपवणे, त्याचा पुरेसा विमा उतरवणे आणि जाण्यास त्याने नकार दिला तर त्याची नोकरी न काढणे, हे धन्याचे कर्तव्य आहे. थोड्या अधिक नफ्यासाठी दुसऱ्याचा मुलगा धोक्यात घालायचा आणि प्रसंग ओढवल्यावर सरकारच्या दारात बसायचे, हा धर्म नव्हे आणि व्यापारही नव्हे.

तेव्हा शासनाने बोलावे, अखेरच्या घटकेपर्यंत बोलावे. त्याच वेळी, काय देणार नाही हे प्रसंगापूर्वी आणि शांत चित्ताने ठरवून ठेवावे. पुन्हा हत्या करण्यास मोकळा होईल असा माणूस मोबदल्यात देऊ नये. मंत्र्याचे अपत्य आणि ट्रकचालकाचे अपत्य यांना एकच माप लावावे. १९८९ मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांच्या कन्येसाठी पाच अतिरेकी सोडले गेले, त्यानंतर इतर कुटुंबांना कोणत्या तोंडाने ‘नाही’ म्हणायचे, हा प्रश्न कायम राहिला. आणि ज्या घरांना ‘नाही’ ऐकावे लागते, त्यांच्याशी अधिकाऱ्यांनी रोज खरे बोलावे आणि पुढेही त्यांना आधार द्यावा. राष्ट्राच्या नियमाचे मोल ती घरे एकट्याने चुकवीत असतात. त्यातील जेवढा भार उचलता येईल तेवढा समाजाने उचलणे, हेही अभयदानच आहे.