अल्-बिरुनीविषयीचे तीन पूर्वपक्ष

मध्ययुगीन मुस्लिम शास्त्रज्ञांपैकी भारतविद्येशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आला, त्या अबू रैहान अल्-बिरुनीविषयी (९७३ ते सुमारे १०४८) तीन मते वारंवार मांडली जातात. परंतु तिन्ही त्याच्या स्वतःच्या ग्रंथांपुढे टिकत नाहीत.

पहिला पूर्वपक्ष असा की, गझनीच्या महमुदाचा आश्रित असल्यामुळे त्याचे भारतवर्णन ही जेत्यासाठी केलेली टेहळणीच होय. वस्तुतः महमुदाने १०१७ मध्ये ख्वारिझम जिंकल्यावर बिरुनीला तेथून गझनीला नेण्यात आले, आणि १०३० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ग्रंथात त्याने स्पष्ट लिहिले की, महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट नष्ट केली व हिंदूंच्या विद्या काश्मीर, काशी अशा दूरच्या स्थळी निघून गेल्या. महमूद त्याच वर्षी मरण पावला, तेव्हा या विधानातील धाडस वाढवून सांगू नये. तथापि संस्कृत शिकून सांख्य आणि पातंजल योग अरबीत आणण्याची टेहळणीसाठी कोणालाच गरज नसते.

दुसरा पूर्वपक्ष म्हणतो की, अरबीत लिहिणाऱ्या विद्वानांनी ग्रीक व भारतीय ज्ञानाची केवळ ने-आण केली. बिरुनीने मात्र पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची दोन ठिकाणांहून घेतलेल्या कोनांवरून काढली, माथ्यावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसते तो अवनतिकोन मोजला, आणि या दोन राशींवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली.

तिसरा पूर्वपक्ष स्तुतिपाठकांचा असून, ही त्रिज्या आजच्या मूल्यापासून अवघ्या काही किलोमीटरांनी ढळते, असा त्यांचा दावा आहे. परंतु बिरुनीचे उत्तर ज्या 'हात' या मापात आहे, त्याची नेमकी लांबी वादग्रस्त आहे. शिवाय हवेतून येताना प्रकाशाची वाट वाकते, म्हणजे त्याचे वक्रीभवन होते, त्यामुळे अवनतिकोन मुळातच कमी भरतो. तेव्हा रीत निर्दोष असली, तरी आकड्यांचा मेळ हा बराचसा योगायोग ठरतो.

बिरुनीचे खरे श्रेय असे की, काय कळले याबरोबरच ते कसे कळले हेही तो सांगतो, त्यामुळे वाचकाला त्याची तपासणी करता येते. कोकणच्या इतिहासालाही हीच शिस्त लागू पडते. वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्याजवळचे सोपारा त्याच्या ग्रंथात 'सुबारा' म्हणून येते आणि तेथून ठाणे पाच फरसख (फरसख हे अंतराचे जुने इराणी माप) असल्याचे तो नोंदवतो; पण काबूल, पेशावर, मुलतान इत्यादी स्थळांचे अक्षांश देताना, आपण भारतात या स्थळांपलीकडे गेलो नाही, हेही तोच सांगतो. म्हणून हा उल्लेख सोपाऱ्याचे नाव अकराव्या शतकात गझनीपर्यंत पोचले होते याचा पुरावा मानावा. त्यावरून बिरुनीची कोकणयात्रा रचणे म्हणजे त्याच्याच साक्षीविरुद्ध त्याचा गौरव करणे होय.