जुनी पेटी घेताना

आमच्या परिपाठासाठी पेटी घ्यायची ठरली. पैसे मुलांनी रद्दी विकून जमवलेले, म्हणून मला भारी धाकधूक! मागे एकदा चकचकीत पॉलिशला भुलून मी जुनी पेटी घेतली, तर तिचा भाता उंदरांनी कुरतडलेला निघाला.

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं. आजही जुन्या पेटीत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असले, की जाणकार तिला सोडत नाहीत. सूर म्हणजे पितळेच्या पातळ जिभा. हवेनं थरथरतात आणि वाजतात. लाकूड बदलता येतं, पण तसे सूर कुठून आणणार?

यंदा दुकानात एकही पट्टी न दाबता आधी नुसता भाता मारला. चार-पाच वेळा मारल्यावर तो कडक लागायला हवा. सहज मिटत राहिला, तर हवा गळतेय समजा. मग एकेक पट्टी वाजवली. दुकानदारकाका कंटाळले. "बाई, नवीच घ्या की!" म्हणाले. पण नवी आमच्या पैशांत बसेना.

तेवढ्यात चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, काळी तीन अडकतेय."

खरंच अडकत होती! पावसाळ्यात लाकूड फुगतं ना. काका दुरुस्त करून देणार आहेत. शनिवारी आणायला जायचंय. चिमुरडीला सोबत नेणार.