कारंज्याचा समुद्र कोणता?

कारंजा लाडच्या मुलांना खारफुटी शिकवून काय करायचे? वाशीम जिल्ह्याला किनारा नाही, परीक्षेपुरते दोन परिच्छेद पाठ केले की पुरे, असा युक्तिवाद सहज होतो. व्यवहारी वाटतो, पण भूगोलाला धरून नाही.

कारंज्याजवळची अडाण नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे कारंज्याचा समुद्र मुंबईचा नव्हेच, तो बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाची खारफुटी आहे. वरच्या धरणांत गाळ अडला की त्रिभुज प्रदेशाचे पोषण तुटते. शेतातले खत वाहून गेले तर त्याचा भार खाली पोचतो. अमेरिकेत मका पिकवणाऱ्या राज्यांतले नत्र मिसिसिपीतून वाहत जाते आणि मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला पट्टा तयार होतो. त्या शेतकऱ्यांच्या बांधावरूनही समुद्र दिसत नाही. कापूस-सोयाबीनच्या मुलखाने हे उदाहरण परके मानू नये.

दुसरा आक्षेप सौम्य, म्हणून अधिक फसवा: शिकवायचेच तर मुलांना अलिबागला न्या. न्यावे जरूर. पण एका दिवसाच्या सहलीत वाळू, फोटो आणि भेळ यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. मुंबईत २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन जीव दाखवतो. कोकणात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांसह कासवांची घरटी राखली. दोन्हीकडे त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणे आहे. कारंज्याला तशी जागा म्हणजे अडाणचे धरण.

तिथे खर्चही फारसा नाही. पहिल्या पुरानंतर शिक्षकांनी पुलावरून बादलीने पाणी काढावे, काचेच्या बाटलीत निवळू द्यावे, तळाचा गाळ पट्टीने मोजावा. मुलांना पुराच्या पाण्यात उतरवू नये, हे वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात काठावर येणारा तुतवार पक्षी समुद्रकिनाऱ्यावरच्या चिखलातही चरतो, त्याची नोंद ठेवावी.

‘वेळ कुठे आहे?’ हा उरलेला आक्षेप. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९१चा आहे, तेव्हा तासिकेची सबब जुनी झाली. वेळासची सहल नववीत ठेवावी, दोन पावसाळ्यांच्या नोंदवह्या भरल्यावर. मग कासवापेक्षा तिथल्या खाडीत उतरणाऱ्या गाळाविषयी एखादी मुलगी आधी विचारेल.